मावशींचे शेंगोळे आणि माझं कुलूप

मी आज जो काही आहे तो कलावतीमावशींमुळे आहे, आणि त्यांचा आयुष्यातला पहिला टीव्ही कार्यक्रम मी बंद पाडला.

मावशी आमच्या तालुक्याच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मी घरी पळून निघालो, तेव्हा त्यांनी माझी ट्रंक कोठीत घातली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. "परीक्षा झाली की ने," म्हणाल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या कोठीतून बाहेर पडला. (दर रविवारी घरी पत्र लिहिल्याशिवाय त्या कुणाला ताटावर बसू देत नसत, हेही सांगून ठेवतो.)

आता मी कोलकात्यात, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर कार्यक्रम दाखवणारं ॲप आम्ही बनवतो. कुठला कार्यक्रम कुठल्या राज्यात दिसू नये, हे माझ्याकडे. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लोकांना बघू न देण्याचा पगार?"

तर गावोगावच्या स्वयंपाकघरांच्या एका कार्यक्रमात मावशींचे हुलग्याचे शेंगोळे येणार होते, तेही आमच्याच ॲपवर. मावशींचा फोन आला. "बघशील ना रे? नवी साडी नेसलेय मी त्यात."

"मावशी, ॲपच माझं आहे," मी म्हणालो. माणसानं इतकं बोलू नये.

रविवारी पाचला आम्ही टीव्हीसमोर बसलो. माझ्या बायकोनं, मनीषानं, पुऱ्या तळल्या होत्या. खालच्या मजल्यावरचे घोषबाबू संदेश मिठाईचा डबा घेऊन वर आले होते. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'क्षमस्व. हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही. आपण समजून घ्याल याची खात्री आहे.'

करार फक्त महाराष्ट्रापुरता होता. बाकी राज्यांत बंद ठेवायच्या यादीत हा कार्यक्रम मीच घातला होता, डबा खाता खाता. यादीत नुसते क्रमांक असतात, मावशी नसतात. वाक्यही माझंच. त्यातल्या 'खात्री'साठी आमच्या तीन मीटिंगा झाल्या होत्या.

"बाबा, हे तूच लिहिला ना?" सईनं विचारलं. तिचं मराठी कोलकात्यात वाढलंय.

"लिहिलंस," मनीषानं दुरुस्त केलं.

"हो," मी म्हणालो. "मीच लिहिलं."

"आपका ही ऐप है ना?" घोषबाबूंनी आजाऱ्याची चौकशी करावी तसं हळूच विचारलं.

"वसतिगृहाचं खातं तूच उघडून दिलंस ना?" मनीषा म्हणाली. गेल्या दिवाळीत टीव्हीही मीच दिला होता. "पासवर्ड असेलच की. त्यातून बघ."

खातं बदलून काही होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण तीन माणसं आपल्याकडे बघत असली की आपल्याला काय माहीत आहे तेच आठवत नाही. मी पासवर्ड टाकला. नवीन वाक्य आलं: 'हे खातं एकाच वेळी दोन राज्यांत वापरलं जात आहे. सुरक्षिततेसाठी ते एक तास बंद करण्यात आलं आहे.'

या नियमासाठी मला ऑफिसात बक्षीस म्हणून कुंडीतलं रोप मिळालं होतं.

लगेच वसतिगृहातून रेक्टर पवार सरांचा फोन. "अरे, टीव्ही गेला! साठ पोरं बसलीत. मावशी तीच साडी नेसून पुढं बसल्यात. सुरक्षिततेसाठी म्हणतंय. कुणाच्या रे?"

"बघतो सर," म्हणालो आणि ऑफिसात अनिर्बाणला फोन लावला. त्याची रविवारची पाळी होती.

"दादा, एक घंटे से पहले नहीं खुलेगा. कोई भी फोन करे, खोलना मना है. आपने ही लिखा है."

"अरे, मैं ही तो फोन कर रहा हूँ."

"वो भी लिखा है, दादा. 'अपना आदमी हो तब भी.'"

कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. घोषबाबूंनी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि संदेशांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी वसतिगृहात फोन केला. मावशी उठून संध्याकाळच्या भाजीकडे गेल्या होत्या. फोनवर आल्या नाहीत.

"रागावल्यात का, सर?"

"नाही. म्हणाल्या, त्याला पत्र लिहायला सांगा. तोवर ताटावर बसायचं नाही."

मनीषानं माझ्यापुढचं ताट उचललं आणि सईच्या वहीतला कागद ठेवला.

ती. मावशींस सा. न.

तुमचा टीव्ही बिघडलेला नाही. तो मी बंद पाडला. तुम्ही माझी ट्रंक कोंडलीत तेव्हा चावी तुमच्या कमरेला होती. मी इतकं शिकून कुलूप तेवढं केलं, चावी ठेवायची राहिली.

कार्यक्रम पुढच्या रविवारी पाचला पुन्हा लागेल. तीच साडी नेसून पुढं बसा. मी इथे त्या वेळी टीव्हीला हात लावणार नाही, मनीषा पहाऱ्याला आहे.

पत्र झालं, आता जेवतो. शेंगोळ्यांत लसूण किती घातलात, ते मात्र एखाद्या पोराकडून लिहून कळवा. तो कार्यक्रम आमच्या भागात उपलब्ध नाही.