सहाव्या पानावरचा राग

“हा लेख रागावलेला आहे की फार रागावलेला?” कुरोदा-साननी विचारलं.

“फार,” मी म्हटलं. “पण सहाव्या पानावर.”

“पान मी विचारलं नाही, साठे-सान.”

कुरोदा-सान आमचे डिपार्टमेंट हेड. १९९८चा मे महिना होता आणि मी कोबेतल्या एका छोट्या रिसर्च ऑफिसात चिनी वर्तमानपत्रं वाचण्याची पार्ट-टाइम नोकरी करत होते. नवरा बँकेच्या पोस्टिंगवर जपानात आला, त्याच्या व्हिसाला लटकून मी आले. पुण्यात बरोबरीच्या मुली जर्मन नाहीतर रशियन शिकत होत्या तेव्हा मी हट्टाने चिनी शिकले होते. त्या हट्टाचं फळ म्हणून नशिबाने मला जपानात आणून सोडलं.

काम सोपं होतं. चीनमध्ये कारखाने काढलेल्या किंवा काढू पाहणाऱ्या जपानी कंपन्या आमच्या ग्राहक. चिनी पेपरांत या भागाच्या सुरक्षेवर आणि आर्थिक धोरणावर जी मतं छापून येत, त्यांचं एका पानात सार काढायचं. कंपन्यांना एवढंच हवं असे की चीन आपल्यावर चिडलाय का, आणि चिडला असेल तर किती.

आता यातली मेख सांगते. चिनी पेपरात काय लिहिलंय हे दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर कोणी लिहिलंय आणि कितव्या पानावर. पुढच्या पानांवर, नाव न देता, नुसतं ‘आमचे भाष्यकार’ म्हणून लेख आला, तर तो सरकारचा आवाज. आत सहाव्या पानावर कुणा प्राध्यापकाचा नावानिशी लेख आला, तर सरकारने त्याला ओरडायची परवानगी दिली आहे इतकंच. उद्या गरज पडली तर ‘ते त्यांचं वैयक्तिक मत’ म्हणून हात झटकता येतात.

त्या सोमवारी सहाव्या पानावर एका निवृत्त प्राध्यापकांनी जपानला धुऊन काढलं होतं. जपान आणि अमेरिकेचं संरक्षण सहकार्य वाढतंय, जपानला जुनी स्वप्नं पडू लागली आहेत, शेजाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत, वगैरे. वाचायला झकास. त्याच अंकात दुसऱ्या पानावर ‘आमचे भाष्यकार’ यांचा एक लेख होता. किनारपट्टीवर परदेशी भांडवल हवंय, बाहेरून आणलेल्या यंत्रांवरच्या करात सूट मिळेल, जपानी उद्योगांचं स्वागत आहे. इतका रटाळ की लिहिणाऱ्यालाही डुलकी लागली असावी.

मी सारात स्पष्ट लिहिलं: सहाव्या पानावर शिव्या आहेत, दुसऱ्यावर आमंत्रण आहे, आणि वजन आमंत्रणाला आहे.

इथवर मी बरोबर होते. सगळा घोळ त्याच्या खालच्या चौकटीत झाला.

आमच्या फॉर्मवर साराखाली एक चौकट होती. परिस्थिती अनुकूल असेल तर गोल काढायचा, प्रतिकूल असेल तर फुली, आणि मधलं काही असेल तर त्रिकोण. जपानात हे बालवाडीपासून चालतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका लेखाला गोल दिला होता, तर फॉर्म पाच वेळा परत आला. प्रत्येकाने अगदी नम्रपणे विचारलं, खात्री आहे ना? समजा, तसं झालं नाही तर? तेव्हापासून मी त्रिकोण काढायला लागले. त्रिकोण कधी परत आला नाही. आठ महिन्यांत माझा त्रिकोण इतका सुबक यायला लागला की काही विचारू नका.

त्या दिवशीही मी त्रिकोणच काढला. जूनअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि मला भीती वाटत होती. दुसरं काही कारण नव्हतं.

मग फॉर्म यात्रेला निघाला. त्यावर सात जणांचे शिक्के लागत. इथे सहीऐवजी नावाचा छोटा लाल शिक्का मारतात, त्याला हान्को म्हणतात. आमच्या ऑफिसात धाकट्याने आपला शिक्का वरिष्ठाच्या चौकटीकडे जरासा कलता मारायचा, म्हणजे कागदावरसुद्धा मान लवलेली दिसते. पहिल्या शिक्क्याला ‘वजन आमंत्रणाला आहे’चं ‘वजन असू शकतं’ झालं. तिसऱ्या शिक्क्याला दुसरं पान गायब झालं, कारण कर हा विषय शेजारच्या टेबलाचा. पाचव्याने तळाशी भर घातली, ‘घडामोडींवर लक्ष ठेवणं आवश्यक.’ कुरोदा-साननी शेवटचा शिक्का मारला तेव्हा कागदावर प्राध्यापकांचा राग आणि माझा त्रिकोण, एवढंच शिल्लक होतं.

मंगळवारी संध्याकाळी हा कागद फॅक्सने गेला, आणि ज्यांच्यासाठी तो होता ते हिगुची-सान गुरुवारी स्वतः आले. वय साठीच्या पुढे. कोबेच्याच नागाता भागात त्यांचा बुटांचे रबरी तळवे बनवायचा कारखाना होता. १९९५च्या कोबेतल्या मोठ्या भूकंपानंतरच्या आगीत तो जळला. तीन वर्षं ते अकरा कामगारांना घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होते. आता चीनच्या किनाऱ्यावर त्यांना एक तयार इमारत मिळत होती. वाचलेली यंत्रं तिकडे न्यायची, तळवे तिथे बनवायचे, इथे डिझाइन आणि फिनिशिंग करायचं. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. नाही जमलं तर वर्षअखेर शेड बंद आणि अकरा माणसं घरी.

मीटिंगमध्ये मला खुर्ची नव्हती. ऑफिसातली चीनतज्ज्ञ मी होते आणि पाहुण्यांना चहा देणारी बाईही मीच होते. व्हिजिटिंग कार्डावर मात्र जागेअभावी एकच पद छापलं होतं.

पँट्री मीटिंग रूमला लागून होती. पाणी उकळेपर्यंत मला सगळं ऐकू येत होतं.

“आमचं मत असं, की आणखी काही काळ लक्ष ठेवणं योग्य,” कुरोदा-सान म्हणाले.

हिगुची-साननी मान डोलावली. “समजलं. म्हणजे जाऊ नका.”

“तसं आम्ही म्हणत नाही.”

“मग जा?”

“तसंही म्हणत नाही.”

“बरं,” हिगुची-सान म्हणाले. “मग उद्या नाही कळवतो. माणसांना आजच सांगायला हवं.”

मला संताप आला. आधी कुरोदा-सानचा, मग त्या सात शिक्क्यांचा. मग आठवलं की त्रिकोण काढणारा हात माझाच होता, आणि शरम वाटली. टेबलावरून सोमवारचा अंक आणला, दुसरं पान वर येईल अशी घडी घातली, ट्रेमध्ये पसरली आणि तिच्यावर कप ठेवले. आत जाऊन कप मांडले आणि ट्रे हिगुची-सानच्या समोरच ठेवून दिला.

जपानी माणसाला चिनी येतं असं नाही, पण बरीच अक्षरं दोन्हीकडे तीच आहेत. मथळ्यावरून अंदाज येतो. हिगुची-साननी खिशातून चष्मा काढला.

“‘जपानी उद्योग’,” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे ‘स्वागत’. हे कधीचं?”

“त्या रागाच्या लेखाचाच अंक आहे,” मी म्हटलं. माझं जपानी मोडकं होतं, पण चहापुरतं पुरत होतं.

“लिहिलंय कोणी?”

मी कुरोदा-सानकडे पाहिलं. कुरोदा-सान कपात पाहत होते.

“सरकारने. आणि तो राग एका निवृत्त प्राध्यापकांचा आहे. यंत्रांवरच्या कराची सूटही याच लेखात आहे.”

“मग तुमच्या कागदावर हे का नाही?”

“होतं,” मी म्हटलं. “पण त्रिकोण मीच काढला. तिथे गोल हवा होता. चूक माझी आहे.”

“साठे-सान,” कुरोदा-सान हळूच म्हणाले, “चहा देऊन झाला असेल तर...”

“माझा अर्धा कप बाकी आहे,” हिगुची-सान म्हणाले आणि वाचत राहिले. उरलेला चहा त्यांनी चांगली दहा मिनिटं पुरवला. मग चष्मा खिशात ठेवत म्हणाले, “माझे वडील असेच होते. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे आणि आत बोलावून वाढायचे. हे मला आधी सांगितलं असतं तर दोन रात्री झोपलो असतो.”

शुक्रवारी त्यांनी होकार कळवला.

शनिवारी सकाळी नवऱ्याने टोस्टला लोणी लावता लावता विचारलं, “अगं, पण तो माणूस बुडाला तर?”

“तर माझ्यामुळे बुडेल.”

“मग त्रिकोणच सेफ होता की.” शेवटी बँकेतला माणूस.

सोमवारी मी बोलणी खायच्या तयारीने गेले. कुणी काही बोललं नाही. फक्त एक सर्क्युलर फिरलं, यापुढे ट्रेमध्ये कपांखेरीज काहीही ठेवू नये. त्यावर सातही शिक्के होते, सगळे व्यवस्थित कललेले.

जूनअखेर माझ्या कॉन्ट्रॅक्टचा फॉर्मही त्याच वाटेने गेला. मला काढायचं तर कुणीतरी फुली मारायला हवी होती. फुली मारायची म्हणजे आपण ठरवलं असं होतं. सातही जणांनी त्रिकोण दिला, आणि बदल नाही म्हणून मी होते तिथेच राहिले. त्या आकाराबद्दल त्यानंतर मी जपूनच बोलते.

पुढच्या वर्षी हिगुची-सानचे तळवे तिकडे बनू लागले. कारखाना कुणी अडवला नाही. सहावं पान अधूनमधून चिडत राहिलं. आमच्या वार्षिक अहवालात एक अभिमानाचं वाक्य आलं, की त्या वेळी आम्ही दिलेला त्रिकोण अचूक ठरला. तो चुकला असता कसा, हे मी विचारलं नाही.

वाचनाच्या त्या नोकरीतून मी एकच गोष्ट शिकले. ओरडणाऱ्याचा आवाज सगळ्यांना फुकट ऐकू येतो, त्यासाठी पगारी माणूस लागत नाही. रटाळ पान वाचायला लागतो.

कारखाना तिकडे सुरू झाला त्या वसंतात हिगुची-सानकडून माझ्या नावाने एक पार्सल आलं. आत चिनी चहाचा डबा होता, आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. कुरोदा-सान माझ्या टेबलाशी थांबले. चुरगळलेल्या कागदावरचा भलामोठा काळा मथळा त्यांना दिसला असावा.

“रागावलेला आहे?” त्यांनी विचारलं.

“फार.”

त्यांनी कागद हाताने सपाट केला, एकदा इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “कितवं पान?”