फोनमागचा माणूस

ज्या दिवशी एक यंत्रमाग कामगार आपल्या मुलीचा फोन घेऊन सोलापुरात आमच्या पोलीस ठाण्यात आला, तो दिवस मी विसरलेलो नाही. त्याच्या दहावीतल्या मुलीने स्वतःला इजा करून घेतली होती. जीव वाचला होता. फोनभर तसलाच मजकूर.

"सायेब, कुणीतरी शिकवतंय बघा तिला. त्याला धरा, न्हायतर पोर परत तेच करंल."

मीही तसेच धरून चाललो. लवकरच खबर मिळाली: एक भाडेकरू तरुणी लहान मुलीच्या नावाने समाजमाध्यमांवर खाती चालवते आणि असला मजकूर साठवते. तिला चौकशीला बोलावले.

"कुणाकुणाला पाठवतेस?"

"पाठवत नाही, सर. लहान मुलीच्या खात्यावर काय काय येतं ते पाहते. याचा मुलांवर काय परिणाम होतो, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे."

विद्यापीठात खात्री केली. खरे होते.

"मग यामागचा माणूस कोण?"

"माणूस नसेलही. एका चित्रावर थांबलं, की फोन तसंच आणखी दाखवतो."

आमचा सांगोल्याचा हवालदार म्हणाला, "व्हय सायेब. म्या एकदा बोकड बघितला, तवापासनं नुसती बोकडंच येत्यात. बायको म्हणती, आता दुकानच टाका की!"

तरुणी हसली. मग म्हणाली, "सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. आधीच दुखावलेल्याला जास्त लागतं. ती पहिल्यांदा कशावर थांबली, ते विचारा."

साध्या वेशात, महिला अंमलदाराला घेऊन मुलीच्या घरी गेलो. आधी 'कुणी पाठवलं?' असे विचारले, की ती भिंतीकडे तोंड करायची. या वेळी विचारले, "पहिल्यांदा काय बघितलंस, बाळ?"

ती आमच्याकडे वळली. "एक रडणारी पोरगी. तिचीबी आई गेलेली. हितं आईचं नाव काढलं, की नान्ना उठून जातात."

नान्ना, म्हणजे तिचा बाप, दारातच होता. "तुला तरास नको म्हणून गं," म्हणाला आणि खाली बसला.

आरोपी मिळाला नाही. मुलगी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. बाप पाळी बदलून सोबत जाई.

'कुणी केले?' हा आमच्या खात्याचा पहिला प्रश्न. मुलांच्या बाबतीत त्याआधी 'काय होतंय?' विचारावे, हे मी त्या घरात शिकलो. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मुले माझ्यासमोर तिचा विषय टाळू लागली, तेव्हा मीच तो काढला.

ती मुलगी आता नर्सिंग शिकते. आमच्याकडे रोज जेवताना पत्नीचे नाव निघते.