मुलगी पसंत, आता बाप बघायचा!

किस्से साठतात ते साठवणीच्या चाळीतल्या कांद्यासारखे. तळातला एक ओढायला जावं, तर वरचे सगळे गडगडत अंगावर येतात. आमच्या सोनईच्या कट्ट्यावर असला माल भरपूर! आणि त्यातल्याच एका किश्शानं आमच्या पोरीचं, वैशालीचं, जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आणली होती. पण आधी कट्टा सांगतो.

कट्टा म्हणजे भाऊसाहेबाचं पंक्चरचं दुकान. दुकानाच्या माडीवर दर गुरुवारी नगरहून मानसोपचाराचे डॉक्टर येतात. आता गावात 'डोक्याच्या डॉक्टर'चा जिना उघड उघड कोण चढणार? मग लोक पंक्चरच्या नावाखाली येतात. गाडी दुकानात लावायची, इकडं तिकडं बघायचं आणि सटकन वर!

एकदा एक पाहुणा मोटरसायकल लावून असाच वर गेला. भाऊसाहेबानं चाक चाचपलं, तर हवा टाइट. खाली आल्यावर गडी रुबाबात विचारतो, "पंक्चर काढलं का?"

भाऊसाहेब म्हणाला, "कुठं हाय ते दाखवा. न्हाईतर आधी पाडतो, मग काढतो!"

*

कट्ट्याचे दुसरे मेंबर कुलकर्णी सर. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं. रिटायर झाले आणि रोज सकाळी त्यांना शाळेची घंटा ऐकू यायला लागली. शाळा गावाच्या त्या टोकाला, सर या टोकाला. शिवाय रविवारीही वाजायची!

आम्ही त्यांना वर पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "सर, ही घंटा खरी नाही हे कळतं ना तुम्हाला?"

"कळतं की."

"मग त्रास काय होतो?"

"त्रास मला नाही हो, बायकोला होतो. ती म्हणते, नोकरीत असताना खरी घंटा कधी ऐकू आली नाही, ती आता खोटी बरी येते!"

*

डॉक्टर दुपारी चहाला खाली येतात. नावं सांगत नाहीत, पण हसू आलेलं लपवता येत नाही त्यांना. एका सुनेनं सासूला आणलं होतं. तक्रार काय, तर म्हातारी दिवसभर म्हशीशी बोलते.

डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, "आजी, म्हैस काय म्हणते?"

म्हातारीनं डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सुनेला म्हणाली, "अगं, चांगला डॉक्टर बघायचा ना! म्हैस बोलती व्हय कुठं?"

*

सगळंच हसण्यावारी जात नाही. भाऊसाहेबाचा धाकटा भाऊ पोपट. त्याच्याशी मोबाईलचा टॉवर बोलायचा. जेवू नको म्हणायचा, झोपू नको म्हणायचा. पोपट वाळून काटकी झाला. मीच शहाणा एकदा म्हणालो, "डॉक्टर, टॉवरच्या गोष्टी तर मीही फर्मास सांगतो. मग त्याला गोळ्या आणि मला चहा, असं का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तुमची गोष्ट तुम्ही म्हणाल तिथं थांबते. त्याची थांबत नाही. तो जेवायचा थांबलाय."

पोपटानं गोळ्या नेमानं घेतल्या. आता टेम्पो चालवतो, अंगानं भरलाय. परवा मी हळूच विचारलं, "काय रे, टॉवर बोलतो का अजून?"

"बोलतो ना कधीमधी," पोपट म्हणाला. "पन आता मी उचलीत न्हाई!"

*

आता माझी पाळी. मी थापा मारतो. गाव त्याला थापा म्हणतं, मी रियाजाची कला म्हणतो. राजूरच्या बाजारात मी एका कोंबड्याचं भाषण ऐकलं होतं, ही माझी गाजलेली चीज. तर हा रियाज मी कांद्याच्या चाळीत एकटाच, मोठ्यानं, हातवारे करून करतो. बायकोनं, मंगलनं, तो नेमका ऐकला. मी कोंबडाही झालेलो आणि टाळ्या वाजवणारा बाजारही!

गुरुवारी तिनं मला हाताला धरून जिना चढवला.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "हे खोटं आहे हे त्यांना माहीत असतं?"

"यांना असतं हो! ऐकनाराला नसतं, हीच तर रड हाय."

"मग पेशंट आणायचे तर ऐकणारे आणा," डॉक्टर म्हणाले.

मी खूश. पण जिना उतरताना कुणीतरी बघितलं. बातमी श्रीगोंद्यापर्यंत गेली: मुलीच्या बापाच्या डोक्यात काहीतरी आहे. श्रीगोंद्याला वैशालीची सोयरीक ठरत होती. पोराला पोरगी आवडलेली, पोरीला पोरगा. आणि फोन आला, "रविवारी येतो जरा."

मुलगी बघून झाली होती. आता बाप बघायला येणार होते!

*

रविवारी मंगलनं तंबी दिली, "आज एक शब्द जास्तीचा नको. इचारलं तेवढंच सांगा. काय दिसलं तरी बोलू नका. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

मी शपथ घेतली.

पाहुणे आले. पोराचे वडील दाराकडं पाठ करून बसले. आई बाजूच्या खुर्चीत, अगदी अबोल बाई. मी समोर.

"पाऊस कसा हाय?"

"बरा."

"कांदा?"

"बरा."

वडलांचा चेहरा खुलत चालला. मंगल निवांत झाली. आणि तेवढ्यात शेजारच्या उसातून बिबट्या बाहेर आला, डुलत डुलत अंगणात शिरला आणि पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटवर चढून पंजा चाटत बसला.

मी डोळे चोळले. बिबट्या होता तिथंच.

"काय झालं?" पोराच्या वडलांनी विचारलं.

मंगलनं डोळे वटारले. दाराआडून वैशालीनं हात जोडले.

"काही नाही," मी म्हणालो. "अजून चहा घ्या."

चहा झाला. "जेवूनच जा," म्हणालो. "मुक्कामच करा ना!"

"छे छे, बोलनं झालं, मानूस बघितला. लई साधा मानूस!" म्हणत पोराचे वडील चपला शोधायला उठले.

"थांबा!" मी ओरडलो.

"का वो?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात पोराच्या आईकडं नजर गेली. बाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते, हातातला चहा तसाच होता, आणि नजर थेट दाराबाहेर. त्या माझ्याकडं झुकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"व्याही, तुमीच सांगा की! मी सांगितलं तर हे माझ्या गोळ्या वाढवत्याल!"