गाण्याचं तेरावं

आमच्याकडं रविवारी सकाळी अकराला गाण्यांचा निकाल लागायचा. गाणी सगळी एकाच बाईची. फोनवर गाणी सोडणारी, वर्षाला एक-दोन, आणि लाखो लोकांना पाठ. तिचं नाव आम्ही घेत नव्हतो, नुसतं 'आपली' म्हणायचो. आपलीचं नवीन आलं का, आपलीनं केस कापले बघितलं का. जशी काही ती पुंडलिकनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहत होती आणि सकाळी विरजण मागायला येत होती. घरच्या माणसाला जशी नावं ठेवतात, तशी आम्ही तिच्या गाण्यांना ठेवायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, बँकेत काउंटरवर बसणारी माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि गारखेड्यात गणिताच्या शिकवण्या घेणारा एक जण. त्याला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बेरीज पक्की होती. नवीन गाणं आलं की तिघांनी आपापल्या कागदावर सगळी गाणी पहिल्यापासून शेवटापर्यंत लावायची. मग शिकवणीवाला नंबरांची बेरीज करायचा आणि यादी इंटरनेटवरच्या आमच्या पानावर जायची. ती यादी बाहेर चालायची. पुण्या-नाशिकचे लोक तिच्यावरून भांडायला यायचे. ज्याच्या घरी चहा, त्याचं मत दोनदा धरायचं असा नियम होता. चहा कायम माझ्याच घरी व्हायचा, कारण नियम मीच काढलेला.

दुसरी पद्धत तेराव्याची. यादीत जे गाणं तळाला गेलं, त्याचं तेरावं घालायचं. शिरा करायचा, मोबाइल स्टँडवर लावायचा, आणि एकानं उभं राहून गेलेल्या गाण्याबद्दल दोन शब्द बोलायचे. कधी जन्मलं, काय दुखणं होतं, मागं कोण आहे. यादीपेक्षा लोक तेराव्याची वाट बघायचे. बोलायला कायम मी. माझी जीभ लई वाईट आहे असं सासरी म्हणायचे, आणि तिथून मी परत आले त्याला ती जीभ थोडी कारण होतीच. माहेरी आल्यावर तिला काम मिळालं, एवढंच.

शिरा माझी भावजय करायची. माझा धाकटा भाऊ चितेगावला कंपनीत, त्याची ही बायको. हिचं माहेर मेंढरांवालं. बाप अजून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतो तो पावसाला परत येतो. ही आठवीपर्यंत शिकलेली, पण बोलणं तसंच राहिलेलं, 'पानी' आणि 'कुनी'. मी तिची नक्कल करायचे आणि ती हसायची. ती हसायची म्हणून मला वाटायचं की तिला चालतं. खरं सांगायचं तर तिला काय चालतं याचा विचार मी कधी केलाच नव्हता. रविवारी ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहायची आणि आमचं भांडण ऐकायची. एकदा तिनं मधेच सांगितलं होतं की सातव्या नंबरचं गाणं वर पाहिजे. "चहात साखर कमी झालीय, तेवढं बघ," असं मी म्हणाले होते.

मग आपलीचं अकरावं गाणं आलं. संथ, मागं जवळजवळ काही वाजत नाही, नुसता आवाज, आणि व्हिडिओत मेंढरं. शब्द कुणाचे, तर खाली 'पारंपरिक' लिहिलेलं. पहिल्याच ओळीत एक मुलगी म्हणते, 'मायचं गाव पायानं चालतं, पत्ता इचारू कुणाला.' मी ते स्कूटीवर कानात घालून ऐकलं आणि शहानूरमियाँ दर्ग्याच्या चौकात सिग्नल सुटला तरी उभीच राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. शनिवारी सकाळीच मी माझा कागद लिहून ठेवला. नवं गाणं दुसऱ्या नंबरावर.

त्याच दिवशी दुपारी गच्चीवर मी आणि भावजय कपडे काढत होतो. चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घडी घालताना ती जवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, ते नवीन गाणं हाय ना, ते माझं हाय."

मला वाटलं, आवडलं म्हणतेय. "सगळ्यांचंच आहे बाई," मी म्हणाले.

"तसं नाय. लिवलंय मी."

तिनं सगळं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात ती माहेरी गेली तेव्हा आपलीचा संगीतवाला चित्रीकरणाला मेंढरं शोधत पैठण रस्त्याकडं तिच्या बापाच्या तळावर आला होता. त्याला हिनं वहीतलं गाणं वाचून दाखवलं. त्यानं फोटो काढून नेला. नवीन माणसाचं नाव लगेच टाकता येत नाही म्हणाला, पण गाणं चाहत्यांनी उचललं तर पुढच्या गाण्यावर हिचं नाव नक्की. आणि चाहत्यांनी उचललं की नाही हे तो कशावरून ठरवणार, तर याद्यांवरून. इथल्यांपैकी आमचीच यादी तो बघतो.

"वरचा नंबर नगं, ताई," ती म्हणाली. "पयल्या पाचात बसलं तरी बास. पुढच्याला नाव लागलं की मग ह्यांना सांगंन. तवर कुनाला बोलू नका."

मग तिनं फोन काढला आणि मला एक आवाज ऐकवला. संगीतवाल्यानं पाठवलेला, पण बोलणारी आपली होती. तो आवाज मी झोपेत ओळखला असता. 'ताई, तुमचे शब्द वाचले आणि मी जेवण सोडून उठले. असंच लिहा.'

सहा वर्षं मी त्या बाईच्या याद्या लावत होते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला पत्र, तिच्या प्रत्येक फोटोखाली चार ओळी. तिच्याकडून एक साधा अंगठासुद्धा कधी आला नाही. लग्न मोडून आले त्या वर्षी मला या घरात फक्त तिचा आवाज सहन होत होता. आणि ही, जिला बँकेची स्लिप माझ्याकडून भरून घ्यावी लागते, हिच्यासाठी ती जेवणावरून उठली. मला जे झालं त्याला जळणं म्हणतात, दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

"बघू," मी म्हणाले आणि चादर तिच्या हातात दिली.

रविवारी मी नवा कागद लिहिला. कायम तळाशी घुटमळणारं जे रटाळ गाणं होतं ते उचलून चौथ्यावर ठेवलं. हिचं अकराव्यावर, तळाला. बँकवालीनं ते तिसरं ठेवलं होतं, शिकवणीवाल्यानं नववं. माझं अकरावं दोनदा धरलं गेलं. शिकवणीवाल्यानं बेरीज केली, परत एकदा केली आणि म्हणाला, "नवीनच गेलं की तळाला. आपण घातलेलं हे सगळ्यात लहान वयाचं तेरावं."

बँकवाली माझ्याकडं बघत राहिली. "क्या रे तू, परवा तर फोनवर रडत होतीस याच्यावर."

"सर्दी झाली होती," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात रवा भाजल्याचा वास सुटला होता. शिरा नेहमी निकालाआधीच टाकायचा, म्हणजे तेराव्याला गरम मिळतो. त्या दिवशी तिनं तूप सढळ हातानं घातलं होतं, केळंसुद्धा कुस्करून घातलं होतं. ताटल्या घेऊन ती बाहेर आली आणि कुणाचं तेरावं आहे हे तिला ताटल्या मांडता मांडता कळलं. ती थांबली नाही. मला पहिली ताटली दिली.

मोबाइल चालू झाला आणि मी उभी राहिले. आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं मी बोलले नाही. म्हणाले, "मंडळी, आज आपण एका अशा गाण्यासाठी जमलो आहोत, ज्यातलं गाव चालतं, पण गाणं जागचं हललं नाही." बँकवालीला हसू आवरेना. "मयताच्या मागं एक संगीतवाला आणि अडीचशे मेंढरं असा परिवार आहे. मेंढरं शुद्धीवर आहेत, त्यांनी गाणं ऐकलेलं नाही." शिकवणीवाल्याला ठसका लागला. "शब्द पारंपरिक म्हणतात. परंपरेला विचारलं, ती म्हणाली माझा काही संबंध नाही. कुणीतरी बाई असेल. चूल फुंकता फुंकता धूर डोळ्यात गेला आणि तिला वाटलं, आपल्याला कविता झाली."

हे शेवटचं मी दाराकडं बघून बोलले. चूक झाली, चुकून गेलं, असं काही नाही. बघून बोलले.

भावजय दारात उभी होती, हातात शिऱ्याचं पातेलं. मी खाली बसले तेव्हा ती पुढं आली. "वाढू का अजून, ताई?" म्हणाली. मी ताटली पुढं केली. तिनं दोन चमचे वाढले आणि आत गेली.

ते तेरावं असं चाललं की आधीची सगळी तेरावी मिळून चालली नव्हती. गाव चालतं गाणं हलत नाही, हे वाक्य लोक कशालाही लावू लागले. महापालिकेच्या रस्त्यांनासुद्धा लावलं. बुधवारी आपलीच्या पानावरून आमचा व्हिडिओ पुढं आला, खाली हसून हसून रडणारे चार चेहरे. सहा वर्षांत पहिल्यांदा. बँकवालीनं काउंटरवरून फोन केला, मागं रांगेतली माणसं ओरडताना ऐकू येत होती. मी आरशासमोर उभी राहून स्वतःला विचारलं, झालं समाधान? आणि झालं होतं. ते मी लपवणार नाही.

संगीतवाल्याचा भावजयीला एक निरोप आला. तिनं तो मला वाचायला दिला, कारण त्यात एक इंग्रजी शब्द होता. चाहत्यांचा प्रतिसाद बघता सध्या थांबू, असं लिहिलं होतं. इंग्रजी शब्द 'रिस्पॉन्स' होता. मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "हां, तेच वाटलं मला." तिनं मला एक शब्द विचारला असता तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. तिनं काही विचारलं नाही. तिला वाटत होतं की माझ्या यादीत ते खरंच तळाचं होतं. मला खरंच आवडलं नसेल, असं धरून ती चालली होती.

हिवाळ्यात आपलीचा कार्यक्रम आमच्या शहरात झाला आणि आम्हाला पुढच्या रांगेतले पास आले. माझी साडी भावजयीनंच इस्त्री केली. तिच्यासाठी पास मागता आला असता. मी मागितला नाही. कार्यक्रमानंतर मला आणि बँकवालीला आत बोलावलं. आपली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पायातले घुंगरू सोडत होती. फोटोतल्यापेक्षा बुटकी, गळ्यावर पावडर. मला बघून म्हणाली, "तुम्हीच ना त्या तेराव्यावाल्या? लई हसले मी."

मी तिच्या पाया पडले असते, एवढी मी हलकी झाले होते.

मग ती घुंगरू बाजूला ठेवून म्हणाली, "पण ताई, एक सांगू? मला ते गाणं आवडतं. माझ्या सगळ्यांत तेच आवडतं. व्हिडिओ आमच्या पोरांनी टाकला. तो संगीतवाला भांडून सोडून गेला, आणि शब्द कुणाचे ते सांगत नाही. पैठण रस्त्याकडची कुणी मेंढरांवाली बाई आहे एवढंच माहीत आहे. मला तिच्याकडून पुढची चार गाणी पाहिजेत, तिच्या नावानं. तुम्ही इथल्याच ना. तुमची एवढी ओळख. तिचा पत्ता माहीत आहे का?"

बँकवालीला काहीच माहीत नव्हतं, ती भाबडेपणानं माझ्याकडं बघत होती. बोलायचं मलाच होतं. पुंडलिकनगर, दुसरी गल्ली, वरचा मजला. पाच शब्दांचं काम होतं.

"नाय बाई," मी म्हणाले. "मेंढरांमागं फिरणारी माणसं ती. त्यांना कुठला पत्ता?"

ती "हो ना," म्हणाली आणि दुसरा पाय वर घेतला.

घरी आले तर भावजय जागी होती, ताट झाकून ठेवलेलं. मी जेवायला बसले. ती समोर बसली, भाकरी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "ताई, त्या गान्याचं काई निघालं का तिथं? कुनी इचारलं का?"

मी घास गिळला. "तुझं?" मी म्हणाले. "तुझं कोण विचारणार गं."

"व्हय," ती म्हणाली, "ते बी हायच." आणि माझ्या ताटात आमटी वाढायला उठली.