निखिलचा लॅपटॉप हँग होत होता तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय मी बाजूला सारतो, आता बोला. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ऐकून झाल्यावर थुंकावंसं वाटलं तर थुंका. माझं ते कधीच करून झालंय.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसलात ना? हसा. लोक काय काय लपवतात, आणि हा बाबा लॅपटॉप घेऊन बसलाय. पण लॅपटॉप हे निमित्त. खरी गोष्ट आहे ती सिद्धार्थची. आमच्या कॉलनीतला पोरगा. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं काम नुकतं कुठे जमायला लागलं होतं, आणि ते मोडलं. लोक म्हणतात, त्याच्या हाताला गुण नव्हता. मी ऐकतो आणि मान हलवतो. अजून हलवतो.

आधी माझं सांगतो. सातपूरला एका कारखान्यात मी मेंटेनन्स फिटर होतो. मशीन बंद पडलं की मला बोलावणं यायचं. कुठला आवाज कुठून येतो, कुठे तापतंय, कुठे अडतंय, हे मला हात लावून कळायचं — गर्व होता त्याचा. माझ्याच खात्यात भालेराव होता. सिद्धार्थचा बाप. एकाच वर्षी लागलो, एकाच कॉलनीत घरं घेतली, कंपनीच्या बसमध्ये एका बाकावर बसायचो. त्याच्या डब्यातली सुकी भाजी मी खायचो, माझ्यातली चटणी तो. इतकं सगळं असताना मी असा वागलो, म्हणून हे आधी सांगितलं.

दोन हजार आठ-नऊचं साल असेल. माझा मेव्हणा दुबईला होता. त्याने निखिलला, म्हणजे माझ्या पोराला, लॅपटॉप आणून दिला. इंजिनिअरिंगला आहे, लागेल म्हणे. पण आणला कसला, तर खास गेमचा. विटेसारखा जाड, मागून लाल दिवे, आणि पंखा असा घोंघावायचा की वाटावं पिठाची गिरणी सुरू आहे. निखिलचे तेव्हा दोन विषय राहिले होते. आणि हा कॉलेजातून आला की बूटसुद्धा न काढता त्या खोक्यासमोर. बंदुका, किंकाळ्या, कानात ते हेडफोन, तोंड उघडं, शेजारी मॅगीची वाळलेली प्लेट. हाक मारली तर ‘हं’. दुसऱ्यांदा मारली तर ‘एक मिनिट ना यार’. यार! बापाला!

मला त्याची किळस यायची. हो, पोटच्या पोराची. आठ तास ग्रीसमध्ये हात घालून घरी यावं आणि समोर हे ध्यान दिसावं. मला वाटायचं, ह्या जिवासाठी राबलो का मी?

मग सरळ सांगायचं होतं ना — बंद कर, नाहीतर उचलून कपाटात ठेवतो. बापाने एवढं करायला काय लागतं? पण लॅपटॉप मेव्हण्याचा. बायको म्हणाली असती, माझ्या भावाने प्रेमाने दिलं तेही तुम्हाला बघवत नाही. पोरगं दोन दिवस जेवलं नसतं. भांडण करायची माझी छाती नव्हती, हे खरं कारण. कंपनीत मी वाघ होतो. घरात नुसता धुसफुसायचो.

तर, सिद्धार्थ. निखिलहून दोन-तीन वर्षांनी मोठा. स्वतःच शिकला, कुठून जुने कॉम्प्युटर आणायचा, खोलायचा, जोडायचा. भालेरावच्या पुढच्या खोलीत त्याने टेबल टाकलं होतं आणि खिडकीवर बोर्ड लावला होता. कॉलनीतले लोक जायला लागले होते. भालेराव बसमध्ये रोज नवीन काहीतरी सांगायचा, आज अमक्याचा आणला, आज तमक्याचा सुरू करून दिला. एका रविवारी निखिलने त्याला घरी बोलावलं, लॅपटॉप आतून साफ करायला. मी पेपर घेऊन शेजारीच बसलो होतो. त्याने खालचं झाकण काढलं आणि मला म्हणाला, “काका, हे बघा, तुमच्याच कामातलं आहे. हा पंखा, ही जाळी. गरम हवा इथून बाहेर. ही जाळी तुंबली ना, की साधं काम चालेल, पण गेम लावला की तापून हँग.”

इतक्या आदराने दाखवलं त्याने. निखिलने मला कधी काही असं दाखवलं नव्हतं. आणि मी काय केलं ऐका — मी ते नीट लक्षात ठेवलं.

साधं काम चालेल, पण गेम लावला की हँग. अभ्यास होईल, गेम होणार नाही. माझ्या डोक्यात ते दोन दिवस फिरत राहिलं. भांडण नको, आरडाओरडा नको, कुणाला वाईटपणा नको. आता तुम्हाला कळलंच असेल.

मंगळवारी माझी पहिली पाळी होती. साडेतीनला घरी. बायको पंचवटीत बहिणीकडे गेलेली, निखिल कॉलेजात. मी खिशातून फेल्टची पट्टी काढली — मशीनच्या सरकत्या भागावर कचरा अडवायला ते जाड लोकरी कापड लावतात ना, ते. हिरवं. कंपनीतूनच कापून आणली होती, मोजून. चष्म्याच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने झाकण काढलं आणि पंखा आणि जाळीच्या मध्ये पट्टी सरकवली. पूर्ण नाही, अर्ध्याहून थोडी जास्त. सगळी हवा अडली तर मशीन जळेल, तेवढं कळत होतं मला. दहा मिनिटांत झाकण बंद. हात धुतले, चहा टाकला. सांगायला लाज वाटते, पण काम सुबक झालं याचा मला आनंद झाला होता.

संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं बंदुका चालल्या आणि मग एकदम शांत. मग निखिलचा आवाज — “अरे! हँग झाला च्यायला!” मी स्वयंपाकघरात होतो. मला हसू फुटलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल आणि पुस्तक उघडेल. कसलं काय! पोरगं तीन आठवडे त्या बिघाडामागे लागलं. विंडोज काढून परत टाकलं. ड्रायव्हर बदलले. अँटिव्हायरस काढून पाहिला. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला, दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिला, टेबलफॅन समोर ठेवला. एका वहीत लिहून ठेवायचा — काय बदललं, किती मिनिटांनी हँग झाला. अहो, मी मेंटेनन्सला जे करायचो तेच तो करत होता! एकेक गोष्ट बाजूला काढत, न चिडता. माझाच पोरगा तो. आणि तेव्हा मी काय करत होतो? शेजारी उभा राहून सल्ले देत होतो. चार्जर बघ. घरातला करंट कमी-जास्त होतोय का बघ. त्याने एकदा खाली वाकून जाळीत पाहिलं तेव्हा टॉर्च मी धरला होता, आणि तो असा धरला की आतलं नीट दिसू नये. हे आठवलं की आजही तोंडात कडू येतं.

तेव्हा तरी काढायची ना पट्टी? दुपारी घर रिकामं असायचं, दहा मिनिटांचं काम होतं. रोज ठरवायचो, उद्या. मग वाटायचं, आता काढली आणि आपोआप बरा झाला तर त्याला संशय येईल. भित्रट माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

शेवटी निखिलने सिद्धार्थला बोलावलं. रविवार होता. व्हरांड्यात चटई टाकली होती. समोरचे पाटील, वरच्या मजल्यावरचे मास्तर, असे दोघेतिघे माझ्याशी बोलत बसले होते. निखिल थोडा चिडलेलाच होता. म्हणाला, तू साफ केलास त्याच्यानंतरच सुरू झालंय बघ. सिद्धार्थने झाकण काढलं, पंखा उचलला.

त्याला पट्टी दिसली.

त्याने ती चिमटीत धरली. कचरा असा सरळ कापलेला नसतो, हे त्याला कळलंच. आणि फेल्ट त्याने लहानपणापासून बापाच्या पिशवीत पाहिलेलं. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. निखिलकडे नाही, माझ्याकडे. किती वेळ? एखादा क्षण असेल. मग त्याने पट्टी मुठीत घेतली आणि खाली बघत निखिलला म्हणाला, “सॉरी यार. माझंच पुसायचं फडकं राहिलं होतं आत.”

मला त्याने वाचवलं. माझ्या पोरासमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेतला. मी गप्प बसलो असतो तरी ते नीचपणाचंच झालं असतं. पण मी गप्प बसलो नाही.

मी भडकलो. खरंच भडकलो हो, नाटक नव्हतं ते. त्याला कळलंय हे मला सहन झालं नाही. मी उभा राहून ओरडलो. तीन आठवडे पोराचा जीव टांगणीला लागला, अभ्यास बुडाला, आणि तू फडकं राहिलं म्हणतोस? लोकांच्या महागाच्या वस्तू खोलायच्या कशाला, अक्कल नसताना? आणि मग — आता सांगतोच — मी पाटलांकडे वळून म्हणालो, “यांच्या हातात वस्तू दिली की हेच व्हायचं.”

यांच्या म्हणजे कुणाच्या? कुणी विचारलं नाही. जात न उच्चारताही सगळ्यांना कळलं. मास्तरांनी खाली पाहिलं, पाटील ‘ते आहेच’ असं काहीतरी पुटपुटले. भालेरावच्या डब्यात वर्षानुवर्षं जेवलेला मी. हे वाक्य माझ्या तोंडात कुठे तयार होतं? मला शोधावंसुद्धा लागलं नाही. पट्टीबद्दल मी एक वेळ स्वतःला बापाचा राग वगैरे म्हणून समजावलं असतं. ह्या वाक्याला काय म्हणू?

सिद्धार्थने एकेक स्क्रू लावला. घाई केली नाही. लॅपटॉप सुरू करून दिला, पिशवी उचलली, “येतो काका” म्हणाला आणि गेला.

पुढचं मी बोललो नाही, लोक बोलले. फडकं आत विसरला, लॅपटॉप जळता जळता वाचला. कुणी विचारलं की मी ‘हो ना’ म्हणायचो. एवढ्याशा कॉलनीत दुसरं काय लागतं? दिवाळीपर्यंत त्याच्या टेबलावर कुणाचा कॉम्प्युटर दिसेनासा झाला. मग बोर्ड उतरला. तो पुण्याकडे एका कंपनीत लागला, पाळीवर, बापासारखाच. निखिल त्याच्याशी परत बोलला नाही. गेम तर तो पुढेही खेळतच राहिला, आणि विषयही सुटले दोन्ही. आज चांगल्या नोकरीत आहे. माझ्या पट्टीने काडीचा फरक पडला नाही कशात. सिद्धार्थचं तेवढं गेलं.

त्या रविवारनंतर आठवडाभर मी भालेरावची बस चुकवली. डोकं दुखतंय, उशीर झाला, काहीबाही. पोराने त्याला सांगितलं असेल, आता हा माझी कॉलर धरेल, चारचौघांत लाज काढेल, असं वाटायचं. धरली असती तर बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी तो स्टॉपवर माझी वाट बघत उभाच होता. बस आली, तरी चढला नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “देवरे, पोराच्या हातून चूक झाली रे. तुझ्या निखिलचं नुकसान झालं. मी माफी मागतो त्याच्या वतीने. मनात ठेवू नकोस.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. सिद्धार्थने बापालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि मी भालेरावच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनाने ठेवतात तसा. म्हणालो, “जाऊ दे रे. पोरं आहेत. माझ्या मनात काही नाही.”

त्याचे डोळे भरून आले. मला धन्यवाद दिले त्याने. मग आम्ही बसमध्ये चढलो, आणि खिडकीची जागा त्याने मला दिली.