वेंकोबामामांचं ब्रेक ऑइल

वेंकोबामामांच्या घरात कुठल्याही बाटलीत बाटलीवर छापलेली वस्तू नसे. मधाच्या बाटलीत तिळाचं तेल, तेलाच्या बाटलीत फिनेल, आणि जॅमच्या बरणीत सकाळच्या कॉफीचं उरलेलं डिकॉक्शन. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आले, त्याच दुपारी त्यांनी मला सरबत म्हणून गारेगार रसम पाजलं. माझं तोंड बघून त्यांनी बाटलीचा वास घेतला, चूक बाटलीची आहे असं जाहीर केलं आणि उरलेलं रसम पुन्हा त्याच बाटलीत ओतून ठेवलं.

मामा बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीकाळी राजांबरोबर दक्षिणेत आले ते इथलेच झाले. माझं सांगलीचं मराठी त्यांना फार घाईचं वाटायचं. त्यांचं मराठी मात्र एखाद्या जुन्या पोथीतून उठून तमिळ हेल काढत चेन्नईतल्या अण्णा नगरच्या पोर्चमध्ये येऊन बसल्यासारखं होतं. 'मला'च्या जागी 'मज', 'तुला'च्या जागी 'तुज', आणि मध्येच तमिळ 'सरि, सरि', म्हणजे बरं, बरं. "मज टाकवत नाही गो," हे त्यांचं पालुपद. कुठलीही वस्तू टाकायची म्हटलं की ते ती हातातून काढून घेऊन परत जागेवर ठेवायचे. मामी गेल्यावर त्यांच्या चष्म्याच्या घरात मामा सुपारी ठेवू लागले. आधी मला त्याचं हसू आलं. नंतर नाही आलं.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला आजही कानकोंडं व्हायला होतं, आणि त्याला कारण पोर्चमधली गाडी.

मामांच्या जुन्या वेष्टीखाली, म्हणजे धोतराखाली, झाकलेली, चार जाडजूड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही. वाळूत आणि मातीच्या चढउतारांवर पळवायची गाडी ती, शहराच्या रस्त्यावर तिला परवानगीच नाही. मामांच्या मुलानं, प्रसन्नानं, समुद्राकडच्या रस्त्याला एक ट्रॅक काढला होता. सुट्टीच्या दिवशी लोक येऊन गाड्या फिरवायचे. मामाही जायचे, तेलपाणी बघायचे. एकदा उतारावर प्रसन्नाचीच गाडी उलटली आणि त्याच्या पायाचा चुराडा झाला. ट्रॅक बंद पडला, बाकीच्या गाड्या विकल्या. ही अपघाताची, म्हणून कुणी घेईना. मामा ती रोज पुसायचे, आयुधपूजेला तिला गंध लावून चाकांखाली लिंबं ठेवायचे.

प्रसन्ना तांबरमला राहायचा. पोंगलला आणि दिवाळीला यायचा, लंगडत पायऱ्या चढायचा, जेवायचा, निघून जायचा. तो फाटकाबाहेर पडला की मामा मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वेगाचं वेड, दुसरं काय." दर वेळी तेच शब्द, त्याच चालीत. मला वाटायचं, बापाचं दुःख आहे, असं बाहेर पडतं, पडू दे.

मग एके दिवशी प्रसन्नाचा फोन आला. चेंगलपट्टूकडे एका मित्राची आंब्याची बाग तो सांभाळायला घेणार होता आणि बागेत फिरायला त्याला ती गाडी हवी होती. मामांना काय करू नि काय नको असं झालं. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासण्याच्या विभागात आहे. तेव्हा रविवारी सकाळी मला खाली बोलावणं आलं: गाडी इतके दिवस उभी आहे, ब्रेक तेवढे पाहून सांग.

मी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं. आत चहासारखं काळपट तेल. हे सगळं काढून नवं भरावं लागेल, म्हटलं. मामा आनंदानं आत गेले आणि खोकल्याच्या औषधाची एक बाटली घेऊन आले. "नवं कशाला? हे घाल की. त्या वेळचंच उरलेलं आहे, मी जपून ठेवलंय."

आणि मला शहाणपण सुचलं. कारखान्यात नव्या लोकांना सांगते तसं मी सुरू केलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात ही चेन्नईची हवा. एकदा उघडलेलं असं ठेवायचं नसतं. उतारावर सारखा ब्रेक लावला की तेल तापतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग आपण ब्रेक दाबतो तेव्हा नुसती वाफ दबते, चाक काही थांबत नाही.

"मग?" मामांनी विचारलं.

मग काय, मी म्हटलं, ब्रेकची लिव्हर रिकामी जाऊन हँडलला टेकते आणि माणूस जातो कुठेतरी खड्ड्यात.

मामांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं, गाडीवर वेष्टी पसरली, 'सरि' म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, नवी बाटली विकत आणायची म्हणून रुसले. मी वर जाऊन खुशाल इडल्या खाल्ल्या.

संध्याकाळी ते जिना चढून वर आले. कधी येत नसत. खुर्चीवर टेकले आणि सांगू लागले. अपघाताच्या सकाळी टाकीत तेल कमी दिसलं म्हणून त्यांनीच याच बाटलीतलं ओतलं होतं, आधीही असंच ओतत आले होते. प्रसन्ना घरी आल्यावर एकदा म्हणाला होता, लिव्हर रिकामी गेली अप्पा. मामांनी त्याला गप्प केलं होतं; म्हणाले होते, की स्वतःची चूक झाली म्हणजे सगळ्यांनाच ब्रेकची आठवण होते. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सारवासारव केली: पॅड झिजले असतील, वाळू गेली असेल, इतक्या वर्षांनी कोण सांगणार? मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तू कंपनीत असं लिहून देशील?"

मी नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजूनही कळलेलं नाही.

दोन दिवसांनी कचरागाडीवाला आमच्या फाटकाशी बराच वेळ थांबला होता. मामांनी घरातल्या सगळ्या बाटल्या त्याला देऊन टाकल्या. स्वयंपाकघरातली फळी मोकळी झाली. ते बघून मला रडूच आलं. म्हाताऱ्याचं घर मी एका लेक्चरमध्ये लुटलं होतं. 'वेगाचं वेड' त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

प्रसन्ना आला तो नवं, सीलबंद ब्रेक ऑइल घेऊनच. हे काम निदान दोघांचं असतं. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं चाकाशी बसून नट ढिला करायचा, जुनं तेल आणि हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर येऊ द्यायचे, नट आवळायचा, मगच लिव्हर सोडायची. आधी सोडली तर हवा उलटी आत शिरते. मामा म्हणाले, लिव्हर मी धरतो. प्रसन्ना दुखरा पाय लांब पसरून जमिनीवर बसला. टाकी रिकामी होऊ नये म्हणून वरून तेल ओतत राहायचं काम माझ्याकडे.

बापलेक एरवी तमिळमध्येच बोलायचे. त्या दिवशी मामांनी मराठीत सुरुवात केली. नट उघडा होता, तेल गळत होतं, तिघांपैकी कुणालाच हलता येत नव्हतं. मला वाटतं, त्यांनी मुद्दाम तीच वेळ निवडली. बाटलीची सगळी हकीकत त्यांनी सांगितली, काही लपवलं नाही. माझं नाव मात्र त्यात घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझा पाय मी मोडला. आणि बोल मी तुजच लावले."

प्रसन्नानं नट आवळला. मामांना लिव्हर सोडायचं सुचलं नाही. मला वाटलं, आता हा पाना फेकून उठणार, आणि मनात म्हटलं, फेक बाबा, काहीतरी कर.

तो मोडक्यातोडक्या मराठीत, चाकाकडे बघतच बोलला. "ब्रेकचं जाऊ द्या, अप्पा. गाडी आहे, ब्रेक जातो. ऑपरेशनानंतर मज शुद्ध आली, तुम्ही आत आलात. पहिलं काय विचारलंत? किती वेगात होतास." पाना त्यानं नुसता हातात फिरवला. "तेवढंच विचारलंत. अजूनपर्यंत तेवढंच."

मामांच्या मनात त्या रविवारपासून बाटली होती, आणि मी तीच त्यांच्या हातात दिली होती. मुलाच्या मनात तो प्रश्न सलतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते काहीतरी कारण सांगतील असं मला वाटलं, घाबरलो होतो वगैरे. पण त्यांनी लिव्हर सोडली, गाडीला वळसा घालून ते आले, वेष्टी सावरत त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या पसरलेल्या पायाकडे बघत राहिले.

"दुखतं का रे, अजून?"

प्रसन्नानं पाना जमिनीवर ठेवला.

"दुखतं, अप्पा," तो म्हणाला. "जिना उतरताना फार."