काटेवाले मामा आणि बावीस किलो

काटेवाले मामा काटा शून्यावर आला तरी दोन क्षण थांबायचे, मगच पारड्यात साखर टाकायचे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "काटा ओळखदेख पाळत नाही, मी तरी का पाळू?" सायवनमध्ये त्यांच्या दुकानातला माल घरी नेऊन कुणी पुन्हा तोलून पाहिला नाही.

काट्यावर दरवर्षी तपासणीचा शिक्का असायचा. म्हणून गांजा पकडला की पोलीस वजनाला त्यांनाच न्यायचे. मामा तोलायचे, सही करायचे आणि परत येऊन दुकानात बसायचे. पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा पाड्यावरच्या लाडक्याच्या परसात, वालाच्या वेलांमागे, गांजाची झाडं सापडली. हा लाडक्या म्हणजे मामांचं रोजचं गिऱ्हाईक. झाडं मुळासकट उपटून ओल्या चिखलासह गोणीत भरली.

"साहेब, माती झटकू का?" मामांनी विचारलं.

"आहे तसं घ्या."

बावीस किलो भरलं. मामांनी सही केली.

मी तेव्हा डहाणूत नुकतीच वकिली सुरू केली होती. लाडक्याच्या बचावाची केस आमच्याच ऑफिसात आली. दिवाळीला गावी, सायवनला गेले, तर मामा म्हणाले, "लाडक्या अजून सुटला कसा नाही गं?"

मी सांगितलं, "गांजा किलोच्या आत असला तर फार तर वर्षभराची शिक्षा. वीसच्या वर गेला की कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन जवळपास नाहीच. आणि कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोरा. मुळं नाहीत, माती नाही."

मामा म्हणाले, "वजन खरं होतं पोरी. पण मी तोललं काय?"

साक्षीची तारीख तीन वर्षांनी लागली. कोर्टाच्या व्हरांड्यात एका हवालदाराने बजावलं, "सही तुमची आहे ना? तेवढंच बोला."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मामा म्हणाले, "सही माझी. पण गोणीत मुळं होती, चिखल होता. एकदा विचारून मी गप्प बसलो."

वीस किलोवरचं मोठं कलम टिकलं नाही. उरलेल्या गुन्ह्याची शिक्षा लाडक्याने कोठडीत आधीच भोगली होती; तो सुटला. बाहेर मामांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"तुमी खरा बोलले, शेठ," लाडक्या म्हणाला. "पन मी आत व्हतो, तवा आय मेली."

 त्यानंतर पोलिसांच्या बोलावण्यावर मामा कधी गेले नाहीत.

गेल्या श्रावणात मामा वारले. अंगणात माणसं जमली होती. लाडक्या रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभा होता. तो जवळ आला नाही. पण तिरडी उचलेपर्यंत तिथून हललाही नाही.